आधी टायर, मग चाक

वाकड्या हँडलची, बारीक टायरची, डांबरी रस्त्यावर वेगानं जाण्यासाठी बांधलेली रोड बाईक आता पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या रस्त्यांवर पहाटे हमखास दिसते. ती घेऊन काही महिने झाले, दोन-चार घाट पार पडले, की ग्रुपमधला जाणता स्वार एक सल्ला देतो : सायकलबरोबर आलेली चाकं काढ आणि चांगली घे, सायकल वेगळीच होईल. या सल्ल्याचा पाया खोटा नाही. मध्यम किमतीची सायकल निवडताना गिऱ्हाईक फ्रेम बघतं, गिअर कोणते ते बघतं. चाकांचं वजन किंवा हबमधली बेअरिंग विचारणारा विरळा. त्यामुळे किंमत आवाक्यात ठेवायची तर कंपनीला काटकसर करायला चाकं ही सोयीची जागा असते. अशा सायकलींवरची चाकांची जोडी टायर-ट्यूब सोडून साधारण १,९०० ते २,१०० ग्रॅम भरते. चांगली ॲल्युमिनियमची जोडी १,५०० ते १,६०० ग्रॅमला मिळते, आणि खोल रिमच्या कार्बन जोडीसाठी लाखाच्या आसपास रक्कम मोजावी लागते. म्हणजे सायकलच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा एकदा. एवढे पैसे घालण्याआधी हिशोब मांडायला हवा, आणि तो मांडला की माझ्या मते उत्तर स्पष्ट आहे : बहुतेक हौशी स्वारांनी मूळ चाकं ठेवावीत, त्यावरचे टायर बदलावेत आणि चाकांचे स्पोक जाणत्या हाताकडून एकदा नीट ताणून घ्यावेत.

हिशोबाची सुरुवात विरोधापासून करू. सपाट रस्त्यावर एका चालीनं जाणाऱ्या स्वाराला अडवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन, हवा आणि रस्त्यावर फिरताना टायरमध्ये होणारा विरोध. चढावर तिसरी येते, स्वतःचं आणि सायकलचं वजन. साखळी आणि बेअरिंगमध्येही थोडी ताकद जाते, पण ती देखभाल केलेल्या सायकलमध्ये किरकोळ असते. स्वार ७५ किलोचा आणि बाटल्या, पंप, अवजारांसकट सायकल १० किलोची धरली, तर ताशी २५ किलोमीटरच्या चालीला त्याला सुमारे १०५ वॅट ताकद लावावी लागते. त्यातली ७० वॅटच्या आसपास हवा ढकलण्यात आणि ३५ वॅटच्या आसपास साध्या टायरमध्ये खर्च होते. चाल ताशी ३५ किलोमीटरवर नेली की टायरचा खर्च ५० वॅटच्या आतच राहतो, हवेचा मात्र १९० वर जातो, कारण हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. हे प्रमाण लक्षात ठेवलं तर चाकांविषयीचे पुढचे बरेच दावे ज्याचे त्याला तपासता येतात.

पहिला दावा वजनाचा. नव्या चाकांनी अर्धा किलो कमी झालं असं समजू. ८५ किलोंच्या एकूण भारात अर्धा किलो म्हणजे ०.६ टक्का. आता पुण्याच्या स्वारांच्या ओळखीचा सिंहगडाचा रस्ता घेऊ : पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण ९ किलोमीटर आणि उंचीत सुमारे ६०० मीटरची भर. ८५ किलो ६०० मीटर वर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा पाच लाख जूल भरते. सतत १८० वॅट ताकद लावू शकणाऱ्या, म्हणजे बऱ्यापैकी सराव असलेल्या स्वाराला केवळ उंची गाठण्यासाठी ४६ मिनिटं लागतात. अर्धा किलो उतरवल्यानं वाचणारी ऊर्जा ३,००० जूलहून थोडी कमी, म्हणजे त्याच ताकदीनं १६ सेकंदांची बचत. शर्यतीत १६ सेकंद मोठे असतात, हे मान्य. पण जो स्वार रविवारी सकाळी गडावर जातो, वर चहा-भजी घेतो आणि उतरतो, त्याच्या बाबतीत एक दिवस झोप नीट झाली नाही किंवा समोरून वारा आला तरी वेळ याहून जास्त मागेपुढे होतो. अर्धा किलोसाठी अर्धा लाख किंवा लाख मोजणं हे त्याच्यासाठी गणितात बसत नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की चाकाचं वजन साधं वजन नसतं, ते फिरतं वजन असतं, त्यामुळे ते दुप्पट मोजावं लागतं. आक्षेपात तथ्य आहे, पण एका मर्यादेत. चाकाच्या कडेला असलेला ग्रॅम सायकलबरोबर पुढेही जातो आणि त्याच वेगानं गोलही फिरतो, म्हणून वेग वाढवताना तो दोन ग्रॅमांइतकी ऊर्जा घेतो. हे फक्त वेग वाढवताना. एका चालीनं चढणाऱ्या माणसासाठी फिरणारा आणि न फिरणारा ग्रॅम सारखेच असतात, कारण एकदा फिरायला लागलेलं चाक फिरतं ठेवायला वजनामुळे वेगळी ताकद लागत नाही. वेग वाढवतानाचाही हिशोब करून पाहू. थांबलेल्या अवस्थेतून ताशी २५ पर्यंत ८५ किलोंना नेण्यासाठी दोन हजार जूलांच्या आसपास लागतात. कमी झालेला अर्धा किलो पुरता रिमच्या कडेलाच होता असं मानून, दुप्पट धरूनही त्यातले २४ वाचतात, एक टक्क्याहून किंचित जास्त. शर्यतीत प्रत्येक वळणानंतर झेप घेणाऱ्या स्वाराला याचा उपयोग आहे. दर रविवारी ८० किलोमीटर जाणाऱ्याला तो शोधूनही सापडणार नाही. शिवाय फिरतं वजनच कमी करायचं असेल, तर ते सर्वांत बाहेरच्या कडेला कमी करावं, आणि तिथे रिमच्याही बाहेर टायर आणि ट्यूब असतात. मूळ सायकलवरचा तारेच्या कडेचा टायर ३५० ग्रॅमच्या पुढे भरतो, चांगला घडी होणारा टायर २५० च्या आसपास. साध्या ब्यूटाइल रबराची ट्यूब १०० ग्रॅमच्या वर, नव्या टीपीयू प्लॅस्टिकची ४० ग्रॅमच्या आत. दोन्ही चाकं मिळून ३०० ग्रॅमहून जास्त फिरतं वजन रिमला हात न लावता उतरतं.

दुसरा दावा हवेचा, आणि इथे खोल रिमच्या बाजूनं खरा पुरावा आहे. उथळ चौकोनी रिमपेक्षा ५० मिलिमीटर खोल, वाहत्या आकाराची रिम हवेला कमी ढवळते. वायुबोगद्यातल्या मोजमापांत हे पुन्हा पुन्हा दिसतं. मात्र ती मोजमापं सहसा ताशी ४५ ते ४८ किलोमीटर वेगाला घेतली जातात, कारण तो व्यावसायिक शर्यतीचा वेग आहे. तिथे एखाद्या जोडीनं १५ वॅट वाचवले असं समजा. घनाचं प्रमाण लावलं की तीच जोडी ताशी ३० ला साडेचार वॅट वाचवते, आणि २५ ला जेमतेम अडीच. जाहिरातीतला आकडा खरा असूनही आपल्या रस्त्यावर तो लागू पडत नाही, तो असा. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे राहून चालवणाऱ्याला तर हवा आधीच कमी लागते, तेव्हा बचत आणखी आक्रसते. हवा अडवण्यात सर्वांत मोठा वाटा स्वाराच्या स्वतःच्या शरीराचा असतो. कोपर थोडे वाकवून, खांदे खाली घेऊन बसण्याची सवय किंवा वाऱ्यात न फडफडणारी जर्सी या मार्गानं होणारी बचत चाकांशी सहज बरोबरी करते. त्यात आपल्या घाटांचा वारा. खिंडीच्या तोंडाशी बाजूनं येणारा झोत पुढच्या खोल रिमला ढकलतो आणि हँडल हातात वळू पाहतं. हलक्या अंगाच्या, उतारावर नवख्या स्वारासाठी ही भीती खरी आहे, आणि भीतीपोटी ब्रेक दाबून उतरणारा माणूस वाचवलेले वॅट तिथेच घालवतो. आणखी एक बारकावा : खोल रिमचा फायदा टिकवायचा तर रिमची बाहेरची रुंदी टायरपेक्षा निदान ५ टक्के जास्त असावी, असा चाकं घडवणाऱ्यांचा संकेत आहे. जुन्या अरुंद खोल रिमवर २८ चा टायर चढवला तर फायद्याचा मोठा भाग निघून जातो.

आता टायर. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्टला हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत भरीव रबराची चाकं शर्यतींतून हद्दपार झाली. त्या बदलामागचं कारण आजही लागू आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि सुटताना पूर्ववत होतो. दबताना घातलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही रबराच्या आत उष्णता होऊन जाते. जाड, कडक, स्वस्त टायरमध्ये ती जास्त जाते. पातळ लवचिक बांधणीच्या, चांगल्या रबराच्या टायरमध्ये कमी. फिरत्या ड्रमवर घेतलेल्या चाचण्यांत ताशी २९ च्या आसपास उत्तम रोड टायर एकामागे १० वॅट खातो, तर स्वस्त सायकलींवर येणारे टायर त्याच्या जवळपास दुप्पट. आपण उत्तम टायर सोडू आणि मधला, टिकाऊ टायर घेऊ, ज्यानं विरोध मूळ टायरच्या तुलनेत एक तृतीयांशानं घटतो. वरच्या उदाहरणातल्या स्वाराला ताशी २५ ला सुमारे १२ वॅट वाचतात, कार्बन जोडीच्या अडीच वॅटच्या जवळपास पाचपट. आणि हे फक्त सपाटीवर चालतं असं नाही. सिंहगडाच्या त्याच ९ किलोमीटरांत टायर बदलून वाचणारी ऊर्जा सुमारे १५,००० जूल भरते, अर्धा किलो उतरवून वाचलेल्या ३,००० समोर. वेळेत ८० सेकंदांहून जास्त. हलकी चाकं ज्या चढासाठी घ्यायची म्हणतात, त्याच चढावर टायर त्यांना मागे टाकतो, आणि जोडीची किंमत साधारण आठ-दहा हजारांत बसते.

हवेचा दाब तर फुकट आहे. टायर दगडासारखा टणक भरला की सायकल पळते, हा समज २३ मिलिमीटरच्या टायरच्या काळापासून चालत आलेला आहे, आणि गुळगुळीत ड्रमवर तो बराचसा खराही ठरतो. पण खडबडीत रस्त्यावर टणक टायर खडीवरून उसळतो, आणि प्रत्येक उसळीची ऊर्जा स्वाराच्या अंगात जिरते; हात-पाठ थकतात ते याच ऊर्जेनं. आपल्या राज्यमार्गांवर, जिथे पॅचवर्क केलेल्या डांबरावर पुन्हा पॅचवर्क असतं, ११० पीएसआय भरून चालवणं म्हणजे वेगही घालवणं आणि मनगटंही. ७५ किलोच्या स्वारानं २८ मिलिमीटर टायरमध्ये मागे ७५ ते ८०, पुढे त्याहून पाच-एक कमी दाब ठेवून पाहावा. इथे एक रास्त शंका येते : लवचिक टायर आपल्या रस्त्यांवर पंक्चर होऊन स्वाराला वाटेतच बसवेल, बाभळीचे काटे आणि बाटल्यांच्या काचा त्याला ओळखत नाहीत. म्हणूनच शर्यतीचा सर्वांत पातळ टायर घ्यावा असं मी म्हणत नाही. पंक्चर अडवणारा पट्टा असलेला, चांगल्या रबराचा मधला टायर मूळ टायरपेक्षा वेगवानही असतो आणि सहसा काटा-काचेलाही जास्त दाद देत नाही. जुन्या रिम-ब्रेकच्या फ्रेममध्ये २८ मावतो का, हे आधी मोजावं. काही फ्रेम २५ वरच थांबतात.

सर्वांत चिवट आक्षेप जाणिवेचा आहे. ज्यांनी चाकं बदलली ते सांगतात, सायकल हातात वेगळी लागते, पेडल मारताच पुढे झेपावते. आकडे काहीही म्हणोत. मी ही जाणीव खोटी मानत नाही. नवी चाकं येतात तेव्हा बहुधा त्यांच्यावर नवे टायर चढतात, हबमधल्या बेअरिंगला ताजं ग्रीस असतं, स्पोक सारखे ताणलेले असतात, आणि जुनी जोडी दोन पावसाळे खाल्लेली असते. एवढे बदल एकदम झाल्यावर श्रेय रिमला देणं घाईचं आहे. ज्याला खात्री करायची आहे त्यानं नवे टायर आधी जुन्या चाकांवर चढवून महिनाभर चालवावं. त्यानंतरही नव्या चाकांचा मोह राहिला, ती दिसायला आवडतात म्हणून हवी असतील, तर घ्यावीत. आवडती सायकल जास्त चालवली जाते आणि जास्त चालवल्यानं स्वार वाढतो. फक्त ती रक्कम आवडीच्या खात्यात लिहावी, वेगाच्या नाही.

चाकांबद्दल खरी काळजी करावी अशी गोष्ट टिकाऊपणाची आहे, आणि वजन-वाऱ्याच्या चर्चेत तीच मागे पडते. स्पोकचं चाक ताणावर उभं असतं. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये हबला स्पर्शरेषेत स्पोक लावण्याचं पेटंट घेतलं, आणि आजचं चाक त्याच रचनेचं आहे. भार आला की जमिनीजवळच्या स्पोकचा ताण कमी होतो, चाक फिरलं की परत येतो. २.१ मीटर परिघाच्या चाकात १०,००० किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोक ४७ लाख वेळा असा सैलावतो आणि ताणला जातो. ताण पुरेसा आणि सगळीकडे सारखा असेल तर स्पोक हे सहज सोसतो. कुठे कमी, कुठे जास्त असेल तर कमी ताणाचा स्पोक प्रत्येक फेरीत पूर्ण सैल पडतो, धातू थकतो आणि एक दिवस हबपाशी वाकलेल्या जागी तुटतो. मागच्या चाकात गिअरच्या बाजूला जागा कमी असल्यानं दोन्ही बाजूंचे ताण मुळातच सारखे नसतात; डाव्या बाजूला उजवीच्या निम्म्यावर ताण असणं सामान्य आहे. म्हणून तक्रार बहुतेक मागच्याच चाकाची येते. स्वस्त चाकं यंत्रावर झटपट गुंफलेली असतात आणि पहिल्या काहीशे किलोमीटरांत त्यांचे स्पोक बसतात, तेव्हा कुशल मेकॅनिककडून नुसता आऊट काढून न थांबता सगळे स्पोक मापकानं तपासून सारखे ताणून घ्यावेत. काही शेकड्यांच्या या कामानं स्वस्त जोडीचं आयुष्य कितीतरी वाढतं. बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड करणाऱ्यांना याचं महत्त्व सांगावं लागू नये. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ६०० साठी ४० तास, म्हणजे थांबे धरून ताशी १५ ची सरासरी; एवढी चाल कोणतीही चाकं देतात. रात्री दोन वाजता महामार्गावर मागचा स्पोक तुटून चाक फ्रेमला घासू लागलं, तर मात्र राईड संपते. अशा वेळी ३२ साध्या गोल स्पोकचं चाक कोणत्याही तालुक्याच्या गावी निदान कामचलाऊ दुरुस्त होण्याची आशा असते; मोजक्या चपट्या, त्याच कंपनीच्या खास स्पोकचं महागडं चाक तिथे कुणी हातात घेणार नाही.

चाकं बदलण्याची वेळ येते, ती ओळखावी. रिम-ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचं रबर रिमच झिजवतं, आणि कोकणात किंवा ताम्हिणी-आंबोलीच्या पावसात ओल्या चिखलाची कणी मिसळली की ते काम पॉलिश कागदासारखं चालतं. रिमच्या कडेला झीज दाखवणारी खाच असते; ती नाहीशी झाली किंवा कड बोटाला खोलगट लागली, तर चाक वापरू नये, उतारावर रिम फुटू शकते. स्पोकच्या छिद्राभोवती चिरा दिसल्या, बेअरिंगची वाटी खड्ड्यांनी खरबरीत झाली, किंवा ताणून घेऊनही वर्षात तीन-चार स्पोक तुटले, तर दुरुस्तीवर खर्च थांबवावा. तेव्हाही पहिली निवड १,६०० ग्रॅमच्या आसपासची, मध्यम खोलीची ॲल्युमिनियम जोडी असावी, शक्य तर हातानं गुंफलेली. रिम-ब्रेकच्या सायकलला कार्बन रिम लावणं मला आपल्या घाटांसाठी पसंत नाही. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की कार्बनमधलं रेझिन तापतं, आणि पावसात ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो. डिस्क-ब्रेकला ही अडचण नाही. जिथे शर्यतीचा वेग खरोखर ताशी ३५ च्या वर राहतो, एकट्यानं वेळेविरुद्ध चालवायचं असतं, तिथे खोल कार्बन जोडी आपली किंमत वसूल करते, आणि त्या स्वारांना मी ती घेऊ नका म्हणणार नाही.

विकत घेण्याआधी मापं जुळवून पाहावीत, कारण परत करण्याची सोय क्वचितच असते. धुरा क्विक रिलीजचा की १२ मिलिमीटरचा थ्रू-ॲक्सल, मागची रुंदी १३० की १३५ की १४२, डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक, फ्रीहब किती स्पीडच्या कॅसेटचा, हे चार प्रश्न दुकानात विचारावेत. शिमानोच्या ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर १० स्पीडची कॅसेट १.८५ मिलिमीटरची चकती घालून बसते. उलटं सहसा होत नाही. बिनकडेच्या, म्हणजे हुकलेस रिमवर ५ बार, साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नसते आणि टायरही त्यांच्याशी जुळणारेच लागतात. वजनदार स्वारानं ही मर्यादा आपल्याला पुरते का ते बघून मगच असं चाक निवडावं. आणि यातलं काहीही करण्याआधी, पावसाळा संपल्यावर, सायकल जवळच्या चांगल्या मेकॅनिककडे न्यावी, हबची बेअरिंग उघडून ग्रीस बदलून घ्यावं, स्पोक तपासून घ्यावेत आणि टायरची नवी जोडी चढवावी. एवढं करून एक हंगाम चालवा, मग चाकांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं काय करायचं ते ठरवा.